बादलीभर समुद्र

लेओनी माथुरीन हिला मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकाच गावात दोघांचा जन्म गेला. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा राहिलो, आणि त्या दिवसापासून ती मला कोंपे म्हणायची, मी तिला माकुमे; मुलगी मोठी झाल्यावर मला पारें म्हणायला लागली. नातं एवढंच. तिचा नवरा शेजारच्या मार्टिनिक बेटावर ऊस तोडायला गेला तो परत का आला नाही, हे मी कधी विचारलं नाही. जन्मभर तिनं कोकोचा चहा उकळून लोकांना पाजला. ती स्वतः तो पीत होती का, हेही मला सांगता येणार नाही. पाहिल्याचं आठवत नाही. तिच्या दफनाच्या दिवशी फादरनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, टोपी हातात फिरवली आणि खाली बसलो. लोकांना वाटलं म्हातारा गहिवरला. बोलण्यासारखं माझ्या हाताशीच काही नव्हतं.

जेवढं पाहिलं तेवढं सांगतो.

आमचं आन्स मारों सेंट लुशियाच्या वाऱ्याकडच्या किनाऱ्यावर. विमानतळ दक्षिणेला, आणि मोठी हॉटेलं वर उत्तरेला, वाऱ्याआडच्या शांत पाण्यावर. त्यामुळे बेटावर येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा आमच्या गावावरून जातो आणि थांबत कोणीच नाही. गावाच्या वर रस्ता वळसा घेतो आणि खालची सगळी खाडी एकदम दिसते, त्या वळणावर लेओनीची टपरी होती. पत्र्याचं छप्पर, शेगडी, कढई आणि एक बाकडं. तिच्याकडे दोनच गोष्टी मिळायच्या. एक कोकोचा चहा, आणि दुसरे बेक, म्हणजे पुरीसारखेच तळलेले, पण जाड, आत खारा मासा भरलेला. केळ्यांच्या गोदामातली माझी नोकरी संपल्यापासून त्या बाकड्याचं एक टोक माझं होतं.

व्हॅनवाले पाहुण्यांना पाय मोकळे करायला तिथे उतरवायचे. त्यातला टॅडी तर विमानतळापासूनच सांगत यायचा, "हॉटेलातल्या मुलीला काही विचारू नका. ती छापलेलं वाचून दाखवते. वळणावरच्या बाईला विचारा."

आणि लोक विचारायचे. कुठे जेवायचं, काय बघायचं, कुठे पोहायचं. पण आधी 'गुड मॉर्निंग' म्हणावं लागायचं. एखादा घाईचा माणूस उतरून थेट "चांगला बीच कुठला?" म्हणाला, तर लेओनी कढईतले बेक उलटत राहायची. त्यानं पुन्हा विचारलं की म्हणायची, "सकाळ झालीय. दिसली नाही का तुम्हाला?" माणूस ओशाळायचा, नमस्कार करायचा. मग ती हात पुसायची आणि त्याच्याकडे नीट बघायची.

तिचा सल्ला माणूस बघून असायचा. जाड्या, घामाघूम माणसाला ती डोंगर चढायला सांगायची नाही. "पितोंचे सुळके जवळ जाऊन बघू नका," ती सांगायची. "जवळ गेलं की डोंगर दिसत नाही, झाडं दिसतात. बोटीत बसा, लांबून बघा. फुकट दम लागत नाही." लहान मुलं असली तर, "गंधकाच्या चिखलात पोरांना घालू नका, डोळे चोळतात." नवराबायको रस्त्यात भांडून आलेले असले तर तिला लगेच कळायचं. "तुम्ही आज बोटीनं जाऊ नका. बोटीतून मध्येच उतरता येत नाही. बाजारात जा. तिथे हरवायला जागा आहे."

जेवणाचं विचारलं तर ती अजून गंभीर व्हायची. "कॅस्ट्रीजच्या बाजारामागे गल्ली आहे, तिथे दुपारच्या आत पोचा. उशीर केलात तर रस्सा उरतो, मासा जातो. हिरवी अंजिरं मागा."

"आम्हाला अंजीर फारसं आवडत नाही," एकदा एक बाई म्हणाली.

"मग बरंय. ती केळी आहेत," लेओनी म्हणाली.

सोमवारी तिची टपरी बंद असायची. मला वाटायचं ती झोपत असेल. ती टॅडीच्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसून बेटभर हिंडायची, हे मला फार उशिरा कळलं. ज्या जेवणघराचं नाव ती सांगायची तिथे जाऊन आधी एक वाटी सूप पिऊन यायची. मी विचारलं, "एका वाटीत काय कळतं गं?"

"वाटीत नाही कळत. मी मागच्या दारी जाते. तिथे मांजर बसलेलं असलं तर मासा ताजा. मांजर नसलं तर बर्फाचा."

"आणि कुत्रं असलं तर?"

"कुत्र्याला चव नसते, कोंपे. ते तुझ्यासारखं. समोर येईल ते खातं."

अशी ती बोलायची. तिनं वाईट जागी पाठवलं असं सांगायला कोणी परत आल्याचं मी ऐकलं नाही. परतीच्या वाटेवर लोक मुद्दाम व्हॅन थांबवून तिला हात करून जायचे.

तिची मुलगी जोसेट, म्हणजे माझी धर्मकन्या, वयाच्या विशीतच मोठ्या प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात कामाला गेली. वर्षानुवर्षं ती समुद्रावरच होती. वर्षातून काही आठवडे यायची, झोपायची, जायची. मग एका वर्षी ती सगळं सामान घेऊनच आली. म्हणाली, आता पुरे, लोखंडाच्या पोटात राहून मला चंद्र कुठल्या बाजूला उगवतो ते आठवेनासं झालंय. किनाऱ्यावर बदामाच्या झाडांखाली तिनं मासे भाजायची मोठी जाळी लावली, टेबलं मांडली, दिव्यांची माळ सोडली. आमच्या गावात शनिवारी संध्याकाळी मासे भाजायची पद्धत जुनीच. पण येणारे बहुतेक आसपासचेच. जोसेट आली तशी लेओनीच्या सल्ल्याला शेवटी एक शेपूट लागलं. कोणाला काहीही सांगून झालं की ती म्हणायची, "आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या गावात या. माझी मुलगी मासे भाजते."

लोक यायला लागले. दोन-तीन शनिवारनंतर तर व्हॅन लावायला जागा मिळेना. मी लेओनीला तेव्हा पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं. कोणतं गाणं ते कळलं नाही, कारण मी जवळ गेलो की ती थांबायची. तिला दुसरं काही नको होतं. मुलगी बेटावर राहावी, एवढंच. ते तिनं बोलून दाखवलं नाही, पण गावात कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

मग गवत आलं.

समुद्रातून येणारं ते तपकिरी गवत आमच्याकडे त्याआधीही एक-दोनदा आलं होतं. पहिल्यांदा आलं तेव्हा आम्ही हसलो होतो, समुद्राला दाढी आली म्हणून. मच्छीमार हिलरीनं तर फुकटचं खत म्हणून ते आपल्या सुरणाच्या वाफ्यात पुरलं. मिठानं सगळी पानं पिवळी पडली आणि महिनाभर त्याची बायको त्याला शेतकरीसाहेब म्हणत होती. पण जोसेटच्या दुसऱ्या वर्षी ते आलं ते गेलंच नाही. सगळी खाडी भरली. वर वळणावरून पाहिलं तर पाणी दिसायचंच नाही, नुसती शेणानं सारवल्यासारखी जमीन दिसायची, आणि ती हलायची. किनाऱ्याला लागलेलं गवत कुजलं, त्याचा वास सुटला. सडक्या अंड्यांचा. घराघरात शिरला. पितळेचे नळ काळे पडले, फ्रीज बंद पडायला लागले, चर्चमधला चांदीचा पेला दर रविवारी घासावा लागायचा.

आम्ही फावडी, पंजे घेऊन ते ओढलं. सकाळी साफ केलं की दुपारी पुन्हा तेवढंच. सरकारनं ट्रॅक्टर पाठवला. ट्रॅक्टरनं गवताबरोबर वाळूही नेली. गवत परत आलं, वाळू आली नाही. एक तरुण अधिकारी येऊन सांगून गेला, की हे आफ्रिकेपासून पसरलेलं आहे, आकाशातून फोटोत दिसतं.

"आकाशातून वास येतो का?" हिलरीनं विचारलं.

अधिकारी बिचारा भला होता. तो म्हणाला, "नाही." त्याच्याकडेही दुसरं काही नव्हतं.

आता लेओनीची पंचाईत झाली. रोज सकाळी टपरीवरून तिला खाडी दिसायची आणि रोज समोर पाहुणे उभे राहायचे. पहिल्या आठवड्यातच तिच्या सल्ल्याचं शेपूट गळालं. कोणी आपणहून विचारलं, की खालच्या गावात मासे मिळतात म्हणे, तर ती सांगायची, "सध्या नको. वाऱ्याआडच्या बाजूला जा."

गावातल्या इतर बायकांचेही शनिवारी किनाऱ्यावर ठेले असायचे. त्या तिला टाकून बोलायला लागल्या. "मा लेओनी, जिभेवर एक दगड ठेव गं. निदान शनिवारपुरता." लेओनी ऐकून घ्यायची. पण एकदा जोसेटच वर आली. मी बाकड्यावर होतो.

"गेल्या शनिवारी किती जण पाठवलेस?" तिनं आईला विचारलं.

"आज समुद्र बघितलास का?"

"मी समुद्र विकत नाही. मासा विकते."

"मग नाक दाबून खायचा का मासा?"

"गावातले खातात की."

"गावातल्यांना नाक उरलंय कुठे," लेओनी म्हणाली.

जोसेट हसली. हसता हसता बाकड्यावर माझ्याशेजारी बसली. मग मला म्हणाली, "पारें, जहाजवाल्यांचा फोन आला होता. जुनी जागा रिकामी आहे म्हणतात. सोमवारपर्यंत सांग म्हणाले." ती बोलली माझ्याशी, पण आवाज आईला ऐकू जाईल असा होता. लेओनीनं पीठ मळायला घेतलं. आधीचं मळलेलं पीठ शेजारी तसंच होतं.

तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅडीच्या व्हॅनमधून तीन माणसं उतरली. कॅनडाहून आलेला एक उंच माणूस, त्याची बायको, आणि त्याची आई. आई ऐंशीच्या पुढची असावी. तिनं उतरल्या उतरल्या 'गुड मॉर्निंग' म्हटलं, मला वेगळं, लेओनीला वेगळं. लेओनीला तर रात्री झोप नीट लागली का, हेही विचारलं. असं विचारणारा पाहुणा आम्ही पाहिला नव्हता.

"मी एडिथ," ती म्हणाली. "ड्रायव्हर म्हणतो, सगळं तुम्हाला विचारायचं."

"ड्रायव्हरला दुसरा धंदा नाही," लेओनी म्हणाली. "काय हवंय?"

"मला समुद्रात उतरायचंय. फार आत नाही. गुडघ्यापर्यंत चालेल."

मुलानं मग सगळं सांगितलं. त्यांनी आमच्याच बाजूला, पुढच्या गावात घर भाड्यानं घेतलं होतं. फोटोत समुद्र निळा होता. परवा ते आईला पलीकडच्या किनाऱ्यावर न्यायला निघाले, पण डोंगरातल्या वळणांनी तिला इतक्या उलट्या झाल्या की अर्ध्या वाटेतून परत यावं लागलं. ती आता त्या रस्त्यानं जाणार नाही. दोन दिवसांनी परत निघायचं होतं.

"समुद्राला मी कधी हात लावला नाही," एडिथ म्हणाली. "आमच्याकडे तळी आहेत. मोठी आहेत, पण तळीच." मग तिनं खाली बोट केलं. "इथे उतरता येईल का?"

लेओनीनं खाली पाहिलं. मीही पाहिलं. पाहण्यासारखं काय होतं? बदामाच्या झाडांखाली जोसेट टेबलं पुसत होती. तिची माळ दिवसाही दिसत होती. तोवर कढईतला एक बेक करपला.

"साफ होतोय," ती म्हणाली. "एवढ्यात." आणि मग, "संध्याकाळी मासे आहेतच. माझी मुलगी भाजते."

या 'एवढ्यात'बद्दल सांगायला हवं. आमच्या बेटावर हा शब्द सगळ्यांच्या तोंडात असतो आणि त्याचा अर्थ लहान पोरालाही माहीत असतो. नळवाला 'एवढ्यात येतो' म्हणाला की आपण दुसरा नळवाला बघायचा. नवरा 'एवढ्यात येतो' म्हणून बाहेर पडला तर त्याचं ताट झाकून ठेवायचं नाही. तो नकारच असतो, फक्त टोपी काढून दिलेला. लेओनीला खोटं बोलता येत नव्हतं, आणि त्या दिवशी तिला खरंही बोलता येत नव्हतं. तिनं या शब्दाच्या आड अंग चोरलं.

व्हॅन गेली. मी म्हणालो, "माकुमे..."

"मी एवढ्यात म्हणाले."

"हो. ऐकलं मी."

"एवढ्यात म्हणजे काय, ते शेंबड्या पोराला कळतं."

"कॅनडातल्या?"

करपलेला बेक तिनं झाडीत फेकला.

दुपार उतरता उतरता ती तिघं किनाऱ्यावर आली. बरोबर टॉवेल, मोठी गवती टोपी, उन्हाचं मलम. एडिथच्या झग्याच्या गळ्यातून पोहायच्या पोशाखाचा निळा पट्टा दिसत होता. जोसेटच्या पहिल्या टेबलाशी ती बसली आणि समुद्राकडे तोंड करून वाट पाहायला लागली. सुनेनं नाकाला रुमाल लावला, मग इकडेतिकडे बघून काढला. तिला वाटलं असावं, आपण कोणाच्या तरी घरी आलोय.

मुलगा हिलरीकडे गेला. "कधी साफ होईल?"

"एवढ्यात," हिलरी म्हणाला.

मुलानं घड्याळ पाहिलं, आभार मानले आणि आईला जाऊन सांगितलं. थोड्या वेळानं त्यानं लॉटरीच्या तिकिटवालीला विचारलं. एवढ्यात. पोलीस शिपाई भाजलेला मका खात उभा होता, त्याला विचारलं. तोही म्हणाला, "एवढ्यात, साहेब." सगळ्या गावानं एकच उत्तर दिल्यावर त्यानं विश्वास ठेवला तर त्याचं काय चुकलं? तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा प्रश्न बदलला होता. "यंत्र येतं का साफ करायला?"

"यायचं," मी म्हणालो.

"मग आज येईल?"

मला त्याच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "सांगता येत नाही." त्यानं तेही आईला जाऊन आनंदानं सांगितलं, यंत्र असतं म्हणून.

आमच्यातल्या कोणीतरी त्यांना सरळ सांगायला हवं होतं. पण नाही म्हणायचं हेच आमच्यात उद्धटपणाचं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता. जोसेटनं त्यांना न मागता नारळपाणी दिलं.

ऊन कलल्यावर लेओनी पिठाची परात डोक्यावर घेऊन खाली आली, दर शनिवारी यायची तशी. एडिथनं तिला लांबूनच ओळखलं आणि हात हलवला. "आम्ही आलो बरं का," ती म्हणाली. "वाट बघतोय."

लेओनीनं परात खाली ठेवली. चपला काढल्या. हिलरीच्या होडीला टेकवलेला पंजा घेतला आणि सरळ गवतात उतरून ओढायला लागली. हिलरीनं दुसरा पंजा घेतला, मी फावडं घेतलं, शिपायानं मका ठेवून बूट काढले. दारापुरती जागा करायची, एवढंच आमच्या मनात होतं. म्हातारी उभी राहील एवढी. गवत ओलं असलं की फार जड असतं. आम्ही ओढायचो, खाली पाण्याची एक पट्टी दिसायची, गढूळ, चहासारखी. आणि फावडं बाजूला टाकून वळेपर्यंत दोन्ही बाजूंचं गवत सावकाश सरकून ती पट्टी मिटायची. रागानं नाही, घाईनं नाही. झोपेत कोणी पांघरूण ओढून घ्यावं तसं. पुन्हा ओढलं. पुन्हा मिटलं. लेओनीच्या पोटऱ्यांना बारीक पुरळ उठलं होतं आणि ती थांबत नव्हती.

"मा लेओनी, पुरे," हिलरी म्हणाला.

"अजून थोडं."

"थोडं म्हणजे अटलांटिक आहे, मा."

तिनं त्याचंही ऐकलं नसतं. पण एडिथ काठावर येऊन उभी राहिली होती. आमच्याकडे बघून तिला बहुधा सगळं कळलं. "असू द्या," ती म्हणाली. "उद्या बघू." उद्याही काही नव्हतं, हे तिला कळलं असेल की नाही, मला सांगता येत नाही.

मग हिलरीनं होडी काढली. इंजिन लावून उपयोग नव्हता, पंख्यात गवत अडकतं. तो वल्ह्यानं रेटत रेटत खाडीच्या तोंडाबाहेर गेला आणि अंधारून येताना दोन बादल्या भरून परतला. बाहेरचं, निळं, स्वच्छ पाणी. लेओनीनं त्या टेबलाशी नेल्या. एडिथनं बूट-मोजे काढले, झगा गुडघ्यांवर धरला आणि एकेक पाय एकेका बादलीत ठेवला.

"कोमट आहे," ती म्हणाली. तिनं बोट बुडवून चाटलं. "आणि खारट आहे. खरंच खारट असतो."

मुलानं फोटो काढला. मग त्यांनी मासे खाल्ले, जोसेटला चांगले झाले म्हणून सांगितलं, आणि सून खोकायला लागली म्हणून शनिवारची गाणी सुरू व्हायच्या आत निघाले. जाताना एडिथनं लेओनीचे दोन्ही हात हातात घेतले. लेओनी मान वर करून बघत नव्हती.

बाकीची टेबलं रिकामीच होती. जोसेटनं जाळीवरचे निखारे बाजूला सारले. बादल्या तिथेच होत्या. ती म्हणाली, "बादलीत घालून समुद्र दिलास, आई. उद्या डोंगर कशात देशील? वाटीत?"

"ती म्हातारी खूश झाली."

"झाली. तू झालीस का?"

लेओनी पुरळ खाजवत राहिली. "मी एवढ्यात म्हणाले होते," ती शेवटी म्हणाली.

"त्यांच्या देशात एवढ्यात म्हणजे एवढ्यात असतं."

"मला काय माहीत?"

"तुला माहीत होतं." जोसेटचा आवाज चढला नाही. "तू मांजर बघितल्याशिवाय कोणाला जेवायला पाठवत नाहीस. आज माझ्यासाठी पाठवलंस. मी इथे राहिले तर पुढच्या शनिवारीही पाठवशील."

"नाही पाठवणार."

"मग मी जाळीवर काय भाजू?"

लेओनीनं माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर माझ्याकडे असेल. मी फावड्याचं गवत काढत होतो. वळणावर राहून गावाला माणसं पाठवावीत तर ती फसतात, न पाठवावीत तर पोरगी जाते. यातून वाट असती तर ती लेओनीलाच आधी सापडली असती. वाटा सांगणं तिचंच काम होतं.

सोमवारी जोसेटनं फोन केला. लेओनी 'राहा' म्हणाली नाही. निदान माझ्यासमोर नाही. निघायच्या दिवशी टॅडीनं व्हॅन वळणावर थांबवली. लेओनीनं कागदात बांधलेले बेक खिडकीतून दिले.

"जेवत जा," ती म्हणाली.

"आई, मी स्वयंपाकघरात काम करते."

"म्हणूनच सांगते. स्वयंपाकघरातली माणसं जेवत नाहीत."

जोसेट मला म्हणाली, "पारें, हिच्याकडे बघा." मी हो म्हणालो. टॅडीनं गाडी चालू केली. लेओनी लगेच कढईकडे वळली, कारण दुसरी व्हॅन येत होती.

त्यानंतर ती पाहुण्यांना सांगायची ते सगळं तसंच राहिलं, फक्त गावाबद्दल कोणी विचारलं तर ती म्हणायची, "आज नको." "मग कधी?" असं विचारलं तर, "माहीत नाही." इतकं कोरडं उत्तर आमच्या बेटावर कोणी देत नाही. पाहुणे हसायचे. टॅडी वैतागायचा, म्हणायचा, मा, जरा गोड बोल. सोमवारचं हिंडणंही तिनं हळूहळू सोडलं. विचारलं तर गुडघे दाखवायची.

त्या वर्षी नोव्हेंबरात गवत आपोआप गेलं. कोणी काही केलं नाही. एका सकाळी बाकड्यावर बसलो तर खाली पाणी होतं, निळं, तळाची वाळू दिसेल असं. शनिवारी लोक आले, त्यानंतरच्या शनिवारी आणखी आले. दुसऱ्याच एका बाईनं बदामाखालची जागा घेतली.

"साफ झालं, माकुमे," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "दिसतंय मला."

पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा आलं. त्याच्या पुढच्या वर्षी थोडं कमी. आता आम्ही ते मोजत नाही. लेओनीला खोकला जडला होता. तो वासामुळे की वयामुळे, डॉक्टरलाही सांगता आलं नाही. जोसेटचा फोन यायचा. जहाज कुठे आहे ते लेओनी मला सांगायची आणि मी मान हलवायचो. ती नावं मला कळत नव्हती, तिलाही कळत असतील असं वाटत नाही.

शेवटचे काही दिवस टपरी बंद होती. एका दुपारी मी तिच्या घरावरून जात होतो. ती ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर वाटाणे सोलायला घेतलेले. मी आत जाऊन दोन मिनिटं उभा राहिलो. बसायला ती म्हणाली नाही, मीही बसलो नाही.

"टॅडी दिसला तर सांग," ती म्हणाली, "गॅसचं सिलिंडर संपत आलंय."

"सांगतो."

"लहान नको म्हणावं. मोठं आण."

"मोठं सांगतो. आणखी काही?"

"नाही. जाताना फाटक ओढून घे, कोंपे. शेजारची बकरी येऊन माझी मिरची खाते."

"ओढतो," मी म्हणालो.